जुन्या गेमचे प्रोटोटाइप संग्राहकांना सापडतात तरी कुठे?

सोळाबिट

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलच्या कॅसेट जमवायला लागून मला सहा वर्षं झाली. आजवर घेतल्या त्या सगळ्या दुकानात विकल्या गेलेल्याच. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन लिलावात पहिल्यांदाच ‘प्रोटोटाइप’ म्हणून लावलेलं कार्ट्रिज पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. प्लॅस्टिकचं कवच नाही, नुसता हिरवा बोर्ड. त्यावर दोन लांबट चिप, दोन्हींवर पांढरे स्टिकर. एकावर पेनाने ‘ईव्हन’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘ऑड’, आणि खाली तारीख. विक्रेत्याचं म्हणणं असं की १९९३ मध्ये बाजारात आलेल्या एका गेमची ही चार महिने आधीची प्रत आहे आणि पुढे वगळलेली एक लेव्हल हिच्यात आहे.

मला विचारायचंय ते हे, की या वस्तू मुळात कंपनीच्या बाहेर पडतात कशा? ज्यांच्याकडे असे पंधरा-वीस प्रोटोटाइप आहेत त्यांना ते मिळतात कुठे? मी रोज लिलाव चाळतो, पण मला जे दिसतं ते सगळ्या जगाला दिसत असणार. आणि या बोर्डाबद्दल विक्रेत्याला नेमकं काय विचारू? लिलाव संपायला नऊ दिवस आहेत. घाई करायची नाही असं ठरवलंय, पण आता हातातून गेलं तर पुन्हा दिसणार नाही, ही धाकधूक आहेच.

हातोडा

लिलाव चाळणं वाया जात नाही, म्हणून आधी त्याबद्दल. ईबे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जोडीने जपानचं याहू ऑक्शन्स बघत जा. ‘बायो फोर्स एप’ हा सेटा कंपनीचा एनईएसवरचा (निन्टेन्डोचा जुना आठ बिटचा कन्सोल) गेम मासिकांत झळकून गायब झाला होता. त्याचं कार्ट्रिज २०१० मध्ये तिथेच निघालं आणि ते सुटू नये म्हणून लोकांनी वर्गणी काढली. जपानी विक्रेते ‘प्रोटोटाइप’ हा शब्द वापरतीलच असं नाही. ‘नमुना’ किंवा ‘विक्रीसाठी नाही’ या अर्थाचे जपानी शब्द टाकून शोधा.

मोठ्या लिलावघरांत वस्तू तपासून येते, पण तिथवर पोचेपर्यंत भाव आपल्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. निन्टेन्डो आणि सोनीने मिळून केलेल्या, कधीच बाजारात न आलेल्या सीडीवाल्या कन्सोलचा प्रोटोटाइप २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्समध्ये ३,६०,००० डॉलरला गेला. तोच कन्सोल २००९ मध्ये एका दिवाळखोर वित्तसंस्थेच्या सामानाच्या लिलावात, इतर वस्तूंच्या ढिगात, ७५ डॉलरला गेला होता. सोनीच्या गेम विभागाचे पूर्वीचे प्रमुख ओलाफ ओलाफसन पुढे त्या वित्तसंस्थेत होते, त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात तो पडून होता. घेणाऱ्याने ढीग घेतला, त्यात कन्सोल निघाला.

म्हणून मी बंद पडलेल्या कंपन्यांच्या सामानाच्या याद्या वाचतो. अक्लेम ही गेम कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, मिडवे २००९ मध्ये. अशा वेळी खुर्च्या-टेबलांबरोबर कपाटंही जातात आणि कपाटात काय आहे ते कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

खिडकीवाली चिप

हातोडा म्हणतात ते खरं आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी पोटासाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करते. चिप वाचायचं यंत्र टेबलावर होतंच, त्यामुळे या नादाला लागले. अकरा वर्षांत माझ्या हातून एकोणीस बोर्ड गेले. त्यातले चार लिलावातले. बाकीचे पंधरा कुणाच्या ना कुणाच्या घरातून आले, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याकडे असं काही आहे याची आठवणही नव्हती.

ही प्रत ऑफिसबाहेर का पडायची ते आधी समजून घ्या, म्हणजे कुणाला विचारायचं ते आपोआप कळेल. गेम तयार होत असताना तो चिपवर उतरवून टेस्टरकडे जायचा. मासिकाला अंक बाजारात येण्याच्या दोन-तीन महिने आधी छपाईची तयारी लागायची, म्हणून अर्धवट गेम संपादकांकडे जायचा. चित्रपटावर किंवा खेळाडूवर बेतलेला असेल तर मंजुरीसाठी हक्कधारकांच्या ऑफिसात. दुसऱ्या देशात निघणार असेल तर भाषांतर करणाऱ्याकडे. आणि सीईएससारख्या व्यापारी प्रदर्शनात मांडायला. यातली कितीतरी ऑफिसं गेमच्या धंद्यातली नव्हतीच. हक्कधारकाच्या ऑफिसात ते कार्ट्रिज ज्याच्या खणात राहिलं त्याच्या लेखी तो एक निकाली निघालेला कागद होता.

काही वेळा रस्ता वाकडाही असतो. ‘सॉनिक २’ या सेगाच्या गेमची एक अर्धवट प्रत १९९९ मध्ये एका चाहत्याला चिनी वेबसाइटवर सापडली. अंतिम गेममधून वगळलेली ‘हिडन पॅलेस’ ही लेव्हल तिच्यात होती. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनातून एक डेमो कार्ट्रिज चोरीला गेलं होतं, असं पुढे सॉनिकचे प्रोग्रॅमर युजी नाका यांनी सांगितलं. ते नकली कॅसेट बनवणाऱ्यांच्या हाती लागलं आणि फिरत फिरत तिथे पोचलं. अशी चोरीची वाट कुणी धरू नये. पण नकली कॅसेटच्या गठ्ठ्यातही एखादी खरी जुनी प्रत असू शकते, हे तेव्हापासून सगळ्यांना कळलं.

आता मी काय करते ते सांगते. गेम संपवून शेवटची नामावली लिहून काढते. मुख्य डिझायनरला जगाने विचारून झालेलं असतं, म्हणून मी खालून वर जाते. टेस्टर, ध्वनीवाले, पार्श्वचित्रं काढणारे, आभारातली नावं. जपानी गेममध्ये बऱ्याचदा खऱ्या नावांऐवजी टोपणनावं असतात, तिथे जुन्या मुलाखती वाचून माणूस ओळखावा लागतो आणि यात महिने जातात. मग पत्र. पहिल्या पत्रात प्रोटोटाइपचा ‘प’ही काढत नाही. त्यांनी केलेल्या कामाबद्दल विचारते, आणि तेही खरंच जाणून घ्यायचं असेल तेच. तिसऱ्या लेव्हलमधल्या पाण्याचे रंग चारच का, पुलामागचा मनोरा दुसऱ्यांदा दिसत नाही तो जागा पुरेना म्हणून का? उत्तर आलं, बोलणं सुरू झालं, की मग विचारते, जुन्या फ्लॉपी, बोर्ड, कागद काही उरलंय का? आणि सोबत सांगते, बोर्ड मला विकू नका, फक्त वाचायला द्या. वाचून परत पाठवते आणि तुमचा गेम तुम्हाला आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून देते. पंधरापैकी नऊ बोर्ड मी असेच परत केलेत. संग्रह करणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. मला त्या नऊंचाच जास्त आनंद आहे.

एक पत्र मात्र मी उशिरा लिहिलं. एका सोळा बिटच्या गेमची पार्श्वचित्रं काढणाऱ्या बाईंचा पत्ता मला मिळाला होता, पण तेव्हा वाटलं, यांच्याकडे कशाला काही असेल, चित्रकार आहेत. दोन वर्षांनी लिहिलं. उत्तर चौदा महिन्यांनी आलं, सोबत खोक्यात जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला बोर्ड. अशाच दोन चिप, ईव्हन आणि ऑड. ऑडवर स्टिकर होता. ईव्हनवरचा गळून पडला होता आणि वरची काचेची खिडकी उघडी. बोर्ड कित्येक वर्षं फडताळात, उजेडात उभा ठेवलेला होता.

ही चिप म्हणजे ईप्रॉम. आतल्या प्रत्येक कप्प्यात विजेचा भार कोंडलेला असतो आणि अतिनील किरणांनी तो निघून जातो, म्हणून तर वर खिडकी असते. उघड्या खिडकीवर थेट ऊन पडलं तर आठवडाभरात सगळं पुसलं जाऊ शकतं. ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षं लागतात. अंधारातही भार हळूहळू झिरपतोच, आणि या चिपांना आता तीस वर्षं उलटून गेलीत.

ऑड चिप पहिल्याच वेळी व्यवस्थित वाचली गेली. ईव्हन मी नऊ वेळा वाचली, नऊ वेळा निराळी आली. ५ व्होल्टवरून व्होल्टेज थोडं थोडं खाली आणत गेले. भार कमी झालेले कप्पे कमी व्होल्टेजवर कधी कधी बरोबर ओळखू येतात. चार रात्री बसून बहुतेक भाग जुळला. शेवटची काहीशे बाइट आलीच नाहीत. गेम चालतो, पण त्या बाईंनी काढलेल्या डोंगरांच्या चित्रात मधोमध फाटल्यासारखा पट्टा आहे. ती लेव्हल बाजारात आलेल्या गेममध्ये नाही, म्हणजे दुसरी प्रत कुठे पाहायलाही जागा नाही. त्यांना पाठवलं तेव्हा त्यांनी तिथे काय होतं ते कागदावर काढून पाठवलं. एक देऊळवजा इमारत, डाव्या बाजूला पायऱ्या. तो कागद माझ्या टेबलासमोर लावलाय.

आता तुमचा लिलाव. मेगा ड्राइव्ह सोळा बिटचा, चिप आठ बिटची, म्हणून सम-विषम अशी जोडी. एवढं पटण्यासारखं आहे. पण स्टिकर आणि पेनाचं अक्षर कुणालाही करता येतं. विक्रेत्याकडून हे मागा. स्टिकरखाली चिपवर छापलेले आकडे. खिडकी झाकलेली राहील इतपतच कोपरा उचलायला सांगा, किंवा चिपची खालची बाजू दिसत असेल तर तिचा फोटो. त्यात चार आकडी संख्या असते, पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. ९२३८ म्हणजे १९९२ चा अडतिसावा आठवडा. गेम आल्यानंतरची तारीख निघाली तर विषय संपला. आधीची निघाली म्हणून लगेच खरं मानू नका, जुन्या कोऱ्या चिप आजही मिळतात. मग बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो, सोल्डर नवं चकचकीत आहे का पाहायला. आणि वगळलेल्या लेव्हलचा कन्सोलवर चालतानाचा सलग व्हिडिओ, ज्यात कार्ट्रिज घालण्यापासून दिसलं पाहिजे. डम्प, म्हणजे चिपमधल्या सगळ्याची फाइल, काढलेला असेल तर तिच्या सुरुवातीच्या मजकुरात, ‘सेगा मेगा ड्राइव्ह’ हे शब्द असतात तिथे, कॉपीराइटचं वर्ष आणि महिना लिहिलेला असतो. तोही विचारा. घाईघाईत बनवलेल्या नकली प्रतीत बऱ्याचदा दुकानातल्या गेमचीच तारीख राहिलेली असते.

आणि हा बोर्ड तुम्हाला कुणाकडून मिळाला, हे विचारा. खरा विक्रेता या प्रश्नाचं उत्तर आनंदाने देतो.

तिसरी पाळी

मी उमेदीच्या काळात गेम टेस्टिंग केलंय, म्हणून एक भर घालतो. प्रोटोटाइप इतके कमी का, याचं साधं कारण म्हणजे चिप महाग होत्या आणि पुन्हा वापरता यायच्या. आमच्याकडे अतिनील दिव्याचा डबा होता. सकाळी कालच्या चिप त्यात रचायच्या, वीसेक मिनिटांत कोऱ्या, मग नवं बिल्ड, म्हणजे गेमची त्या दिवसाची आवृत्ती, त्यावर. एकाच चिपवर एकावर एक तीन स्टिकर असायचे. म्हणजे जे उरलं ते कुणी जपलं म्हणून नव्हे, परत करायला विसरला म्हणून उरलं. गेम रद्द झाल्यावर तर कुणी मागायलाही यायचं नाही, त्यामुळे रद्द झालेल्या गेमची शेवटची प्रत मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात जास्त.

सीडीचा जमाना आल्यावर चित्र पालटलं. कोरी सीडी स्वस्त, रोज जाळायची, पुसायचा प्रश्नच नाही. ‘हिडन पॅलेस’ याच नावाचा प्रोटोटाइप जपणाऱ्यांचा एक गट आहे, त्यांनी मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन २ च्या ७०० हून जास्त बिल्ड एकदम बाहेर काढल्या, इतका मोठा साठा कार्ट्रिजच्या काळातला मिळणं अवघड आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘डायनासोर प्लॅनेट’ मिळाला, तो एन६४ चा, म्हणजे निन्टेन्डोच्या कार्ट्रिजवाल्या कन्सोलचा गेम असूनही डिस्कवर होता आणि स्वीडनमधल्या एका संग्राहकाकडून आला. म्हणून जुन्या टेस्टरांना विचारताना फक्त ‘कार्ट्रिज आहे का’ म्हणू नका. हाताने नाव लिहिलेल्या सीडी आहेत का, असंही विचारा. लोकांना त्या आपल्या जुन्या फायलींच्याच वाटतात.

आणि हे सगळं कंपनीच्या मालकीचं होतं, हे विसरू नका. आम्ही गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. एखादा माणूस बोलायला कचरला तर त्याला दुसऱ्यांदा गळ घालू नका.

सोळाबिट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, तो डोंगरांचा पट्टा वाचून थांबलो थोडा वेळ.

एक अडलंय. विक्रेत्याने लिहिलंय, ‘डम्प काढलेला नाही आणि काढू नये, नाहीतर किंमत पडते.’ हे खरं आहे का? घेतलाच, तर मी काय करायला हवं?

खिडकीवाली चिप

किंमत पडते असं बरेच जण मानतात आणि काही व्यवहारांत ते खरंही असेल. मला त्यातलं काही पटत नाही, आणि वर सांगितलं ते पाहिल्यावर पटूही शकत नाही. न वाचलेली चिप जपून ठेवली तर आपण स्टिकर आणि बोर्ड जपतो, गेम आतून निघून जात असतो.

उलटी बाजूही मला समजते. अटारीचा १९८२ चा ‘अक्का अर्ह’ हा आर्केडमधला, मोठ्या यंत्रावर खेळायचा गेम बघा. त्याची तीनच यंत्रं उरल्याचं माहीत होतं. मालकांनी वर्षानुवर्षं त्याची प्रत दिली नाही, आणि २०१९ मध्ये ती अचानक निनावी बाहेर आली. ज्याने पदरमोड करून यंत्र जपलं त्याला दुखावल्यासारखं वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पुढे २०२२ मध्ये अटारीने स्वतःच तो गेम आपल्या पन्नाशीच्या संग्रहात रीतसर दिला.

मला आवडतं ते ‘सिमसिटी’चं उदाहरण. एनईएसवरची आवृत्ती रद्द झाली होती. तिची कार्ट्रिज २०१७ मध्ये पुढे आली, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मालकाच्या संमतीने ती वाचली आणि २०१८ च्या शेवटी सगळ्यांना दिली. कार्ट्रिज ज्याची होती त्याचीच राहिली. याच संस्थेने २०२० मध्ये ‘डेज ऑफ थंडर’ची रद्द झालेली एनईएस आवृत्ती पुन्हा उभी केली, तीही कुठल्या कार्ट्रिजवरून नव्हे, तर दिवंगत प्रोग्रॅमर क्रिस ओबर्थ यांच्या सामानातल्या फ्लॉपींवरच्या सोर्स कोडवरून. म्हणून मी पत्रात फ्लॉपी आधी लिहिते, बोर्ड नंतर.

तुम्ही घेतलात तर कन्सोलमध्ये घालायच्या आधी वाचा. खिडकीवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, स्टिकर उपटायचा नाही. प्रत्येक चिप निदान पाच वेळा वाचायची आणि पाचही फायली जुळतात का ते पाहायचं. जुळल्या नाहीत तर तिथेच थांबा आणि मला कळवा. जुळल्या तर सम-विषम एकत्र करून बाजारातल्या गेमच्या रॉमशी, म्हणजे त्याच्या चिपमधल्या फाइलशी, ताडून बघा. शंभर टक्के तीच निघाली तर ती दुकानातल्या गेमचीच प्रत.

सोळाबिट

आठ दिवसांनी लिहितोय. विक्रेत्याने तीन वेळा विचारल्यावर एका चिपच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवला. आकडा ९५१२. गेम १९९३ चा. बोर्ड कुठून आला या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मी बोली लावली नाही. काल तो बोर्ड दुसऱ्या कुणीतरी घेतला. आकड्याबद्दल मी लिलावाच्या पानावर जाहीर प्रश्न म्हणून लिहिलं होतं, ते घेणाऱ्याने वाचलं असेल अशी आशा आहे.

दरम्यान त्याच गेमची नामावली शेवटपर्यंत उतरवून काढली. टेस्टर सहा. त्यातल्या एकाने दहा वर्षांपूर्वी दिलेली छोटी मुलाखत मिळाली. त्यात तो म्हणतो, पाण्याखालच्या लेव्हलमध्ये एका जागी खेळाडू भिंतीत अडकायचा आणि ते दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. मी रात्री ती जागा शोधून काढली. भिंतीला अजूनही एक खाच आहे, जिचा खेळात काहीच उपयोग नाही. पत्रात तेवढंच विचारलंय, ती खाच त्याच दुरुस्तीची का. आज पाठवलं.

खिडकीवाली चिप

चांगलं विचारलंत. उत्तराची वाट बघताना उरलेल्या पाचांची नावंही शोधत राहा. आणि फ्लॉपी आल्या तर लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी झडप सरकवून चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का ते उजेडात बघा. असतील तर मी साफ करायची पद्धत इथेच लिहीन.